उजवा आरसा

"आटे गेलेत, आई. रविवारी मी स्वतः पिळून पिळून पाहिलं. डावा आरसा बसला, उजवा बसतच नाही. गाडीचे दिवस भरले आता."

"गाडीचे की माझे?" मोटारसायकलीपाशी पाना घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरने विचारलं.

मुलगा उघड्या फाटकाच्या तोंडाशी ठाण मांडून उभा होता. "अकराला माणूस येतोय गाडी बघायला. मी शब्द दिलाय."

"येऊ दे की. चहा पाज त्याला."

घरोघर जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, इंजेक्शनं देणं, हे सिस्टरचं काम. बावीस वर्षं ती याच गाडीवर फिरली होती. गेल्या वर्षी मान आखडली आणि मुलाने गाडी विकायचा धोशा लावला. त्याची काळजी खोटी असती तर तिने ती केव्हाच उडवून लावली असती. ती खरी होती, म्हणूनच तिला जास्त राग येत होता.

"मान वळत नाही तुझी. मागून कोण येतंय ते कसं कळणार?"

"म्हणून तर आरसे घट्ट करतेय." तिने नटाला पाना लावला आणि डावीकडे जोर दिला.

"अगं, सैल करतेयस तू!"

"या गाडीच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. कशाला थडकला तर मोडू नये, नुसता सैल व्हावा म्हणून. रविवारभर तू तो सैलच करत बसला होतास." तिने आरसा हलवून पाहिला. पक्का बसला होता.

मुलाचे कान लाल झाले. पण पडलो तरी नाक वर. "आरसा बसला म्हणून मान सुटत नाही," तो म्हणाला.

"खरंय." तिने औषधांची पिशवी खांद्याला अडकवली, हेल्मेट चढवलं आणि गाडीवर बसली. "मग घे परीक्षा. मागे जाऊन बोटं दाखव."

आता आई हरणार याची त्याला खात्री होती. तो मागे जाऊन उभा राहिला.

"तीन," ती म्हणाली.

तो आणखी मागे सरकला.

"दोन."

शेवटी त्याची पाठ घराच्या दाराला टेकली. त्याने एकच बोट वर केलं, तेही छातीपाशी.

"एक. आणि शर्टाचं वरचं बटण तुटलंय, लावून घे."

तो मान खाली घालून बटण चाचपू लागला, तोवर तिने किक मारली होती. "आई, थांब!" तो धावला. गिऱ्हाइकासाठी त्यानेच सताड उघडून ठेवलेल्या फाटकातून गाडी बाहेर पडली.

वळणापर्यंत तो तिला दिसत होता, भर रस्त्यात, कमरेवर हात ठेवून उभा. आरसा जरासुद्धा थरथरत नव्हता.