मन वाचणारा बोकड

“आता हे कुणाला पटायचं न्हाई,” जहांगीरचाचांनी रांगेकडं तोंड करून आवाज चढवला, “पन आमच्या बोकडाला मानसाचं मन वाचता येत होतं.”

निघालेली रांग थांबली. मुखेडमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर देणारं नवं मशीन बसलं होतं, आणि त्याला वैतागून लोक कंपाउंडर राजशेखरच्या वहीकडं चालले होते. मशीन चाचांच्या नातीनं, अलीझानं बनवलेलं. एक पडदा, वर कॅमेरा. समोरच्याचा चेहरा बघायचा, आवाज ऐकायचा. माणूस घाबरलेला असला तर धीर द्यायचा, रागावलेला असला तर “कृपया शांत व्हा” म्हणून पाच मिनिटं थांबायचं आणि मग नंबर. अलीझानं त्याला शिकवलं होतं पुण्यातल्या हापिसातल्या माणसांवरून. इथं जो येईल तो ओळखीचं तोंड दिसताच “का बे, मेला न्हाईस का अजून?” अशी बोंब मारून खुशाली विचारत होता. मशीन आपलं शांत व्हा, शांत व्हा म्हणत थांबून राहिलेलं. दोन तासांत तीन नंबर निघाले होते.

डॉक्टर बुद्धप्रियाबाईंनी बारापर्यंत मुदत दिली होती. बारानंतर मशीन बंद, सगळ्यांना वहीच, आणि अलीझाचं आयुष्यातलं पहिलं काम खोक्यात भरून पुण्याला परत.

“दादाजी, लोकं जाऊ देऊ नका,” ती कानात कुजबुजली होती. “मला हितलीच तोंडं पाहिजेत. हा राग न्हाई, ही माया हाय, असं एकेक दाखवून शिकवते त्याला.”

रांगेतून व्यंकटी गरजला, “बोकड मन वाचत होता? अन् तू काय करत होतास, कडबा खात होतास?”

पडद्यावर लाल अक्षरं उमटली : राग. अलीझानं ती खोडून लिहिलं : थट्टा.

“ऐक तर, गधड्या! बाजारात व्यापाऱ्यानं खोटा भाव सांगितला की बोकड शिंकायचा. दोनदा शिंकला की माल परत. पुढं पुढं तर व्यापारी त्याला लांबून बघूनच खरं बोलायला लागले. दुपारी चारला उठणारा बाजार सकाळी अकरालाच उठायला लागला.”

लोक हसले, एकमेकांना ढोसून शिव्या घालायला लागले. लाल अक्षरं, नातीचं बोट. लाल अक्षरं, नातीचं बोट. चाचांनी गोष्ट आवरती घेतली, तर तिनं मान हलवली. अजून.

मग बोकड एस.टी.त चढला. खिडकीची जागा धरून देगलूरला गेला. तिथं तेलुगू रुसवा निराळा, कानडी निराळा, मराठी निराळा, तरी त्यानं महिनाभरात तिन्ही शिकून घेतले. “रुसलेल्या सुना आणून बसवायचे त्याच्यापुढं. तो नुस्ता बघायचा. बाई आधी रडायची, मग हसायची, अन् आपल्या पायानं सासरी जायची.”

चाचांचं लक्ष लोकांवर नव्हतंच. ते नातीच्या बोटावर होतं. बोट आता कमी चालत होतं.

बाराला पाच कमी. बुद्धप्रियाबाई वही घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. अलीझानं हात मागं घेतले आणि ओढणीत गुंडाळले. आता जे बोलायचं ते मशीननंच बोलायचं.

मशीनसमोर होती पारूबाई, चाचांची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. तिनं नाव सांगितलं आणि कमरेवर हात ठेवून चाचांकडं वळली. चाचा तिच्या खांद्यापाशीच उभे होते. नजर सारखी घड्याळाकडं जात होती, पण तोंडावरचं हसू त्यांनी हलू दिलं नाही.

“अन् आजबी,” ते म्हणाले, “तो बोकड देगलूरला कापडाच्या दुकानात गादीवर बसून हाय. दाढी तेवढी पांढरी झालीय.”

“मुडद्या!” पारूबाईचा आवाज रस्त्यापलीकडं गेला. “थापाड्या! किडे पडतील तोंडात! कुठलं देगलूर अन् कुठली गादी? बकरीदला त्याचं मटन डब्यात घालून तूच आनून दिलंस, अन् मी बसून खाल्लं!”

कुणी हसलं नाही. सगळे पडद्याकडं बघत होते. पडदा थोडा वेळ तसाच राहिला, मग हिरवा झाला.

“पारूबाई, तुम्ही मजेत आहात,” मशीन म्हणालं. “तुमचा नंबर चार. शेजारचे आजोबा मात्र फार घाबरलेले आहेत. त्यांना कुणीतरी पाणी द्या.”