चाचणीच्या यादीतलं नाव

पडलेल्या म्हाताऱ्यांना एका बटणावर मदत पोचवणारी कंपनी रोझलिनने सॅन होझेत आईच्या गॅरेजमध्ये काढली आणि पहिलं बटण आईच्याच गळ्यात घातलं. आई ते उठसूट दाबायची. “पडले नाही गं, सूप केलंय, येतेस का?” कचेरीत घंटा खणखणायची, भागीदार वेंडेल वैतागायचा, “तुझ्या आईला आवर बाई!” शेवटी रोझलिनने आईचं नाव चाचणीच्या यादीत टाकलं, त्या यादीची घंटा वाजत नसे. मंगळवारी ती गुंतवणूकदारांना छातीठोकपणे सांगत होती, “बटण दाबा, चार मिनिटांत माणूस दारात!” त्याच वेळी आई न्हाणीघरात पडली. आईचं दफन उरकून रोझलिन कचेरीत यादी उघडून बसली. मंगळवार, आईचं नाव, अकरा वेळा. तिने नावापुढची चाचणीची खूण पुसली. तुंबलेल्या अकराही घंटा एकदम वाजल्या. वेंडेल किल्ल्या उचलून धावला, “कोण पडलंय? पत्ता सांग!”