देवीचा खण

सकाळी घाटात ट्रकला ओव्हरटेक करायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडीनं मानच टाकली. समोरून बस! कसाबसा पुन्हा ट्रकच्या मागे आलो. तसाच हळूहळू गॅरेजात पोचलो.

मेकॅनिक रफीकभाईंनी एअर फिल्टरच्या नळीतून हिरवा खण बाहेर ओढला. हळदकुंकवानं माखलेला, देवीच्या ओटीतला. "जोरात रेस दिली की हा आत खेचला जातो. इंजिनाला हवाच मिळत नाही."

दसऱ्याला गाडीची पूजा आईनं केली होती. तिनं बांधलेलं लिंबू-मिरची मी दरवेळी तोडून फेकतो, म्हणून यंदा तिनं मला दिसणार नाही अशी जागा शोधली होती.

तिथूनच फोन लावला. "आई, आज मरता मरता वाचलो."

"वाचणारच! उगाच ठेवलाय का मी तो खण?"