उंबऱ्यावरचा ठोका

ऐक ना, नुसतं ऐक! चौसष्ट साल, पालघरच्या हायस्कुलाचा बँड नवाकोरा, सव्वीस जानेवारीची पहिलीच प्रभातफेरी. मोठा ढोल पंढरी नावाच्या पोराच्या गळ्यात. तो मढवला होता रामनाथकाकांनी, आणि काका आठच दिवसांपूर्वी गेलेले. सुतकाच्या दारावरून वाजवत जायचं नाय, म्हणून त्यांचं घर येताच पंढरीने हात थांबवला, अख्खा बँड गप्प. तेवढ्यात काकांची बायको, साखरकाकी, उंबऱ्यात आली. "थांबलास का रे? हे रोज इचारायचे, 'माझा ढोल दारावरून कधी वाजत जाईल?'" मागून दीर ओरडला, "सुतक हाय! काठी लावलीस तर याद राख!" वाजवला तर रीत मोडते, नाय वाजवला तर काकी तशीच आत जाते. पंढरीने ढोल उंबऱ्याशी नेला आणि काठी काकीच्याच हातात दिली. धम्म! त्या एका ठोक्यावर पोरांनी पाय उचलले. बोल, तू काय केलं असतंस?