उजेडाची मोजणी

“आता कळेल कोण कुणाच्या जागेत घुसलंय!” दिघेनानांनी खडू उचलला. शेजारच्या सुर्व्यांच्या हॅलोजनचा झोत तारेचं कुंपण ओलांडून नानांच्या झोपाळ्यावर पडायचा, आणि दिव्याचा उजेड आपल्याच हद्दीत ठेवायचा, असा कॉलनीचा नियम होता.

नानांची हयात जमीनमोजणी खात्यात गेलेली. सुर्वे आणि कॉलनीचे अध्यक्ष बघत असताना त्यांनी उजेडाच्या कडेला रेघ ओढली, नकाशा उलगडला आणि टेप लावली. मग पुन्हा लावली.

नकाशाप्रमाणे उजेड बरोब्बर सुर्व्यांच्या हद्दीवर थांबत होता. नानांनीच ठोकलेलं कुंपण मात्र दोन फूट पलीकडे, सुर्व्यांच्या जागेत होतं.

“किती निघालं, नाना?” अध्यक्षांनी विचारलं.

नानांनी चपलेनं रेघ पुसली. “जाऊ द्या हो! एवढ्याशा उजेडासाठी कुणी शेजाऱ्याशी भांडतं का?”