यंदा माझं नाव घाल

श्रीरंग लॅपटॉप मांडीवर घेऊन सोफ्यात रुतला की हेमांगी ओळखायची, पुरस्कारांचा मोसम आला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत नामांकनं कुणाला मिळतील, याचे त्याचे अंदाज मेलबर्नमधली सिनेमावाली माणसं आवडीनं वाचायची. हेमांगी चित्रपटांचं ध्वनिसंकलन करायची, पण त्याच्या यादीत तिचं नाव कधीच नसे.

"आपल्या माणसाचं नाव आपण आधी घेऊ नये. दृष्ट लागते," तो दरवर्षी म्हणायचा. तिला ते गोड वाटायचं. नामांकन हुकलं की मग दोघं मिळून परीक्षकांना नावं ठेवायची.

आज ती स्टुडिओतून आली तेव्हा हेडफोननं कान ठणकत होते. बूट न काढताच ती त्याच्या शेजारी बसली.

"यंदा माझं नाव घाल," ती म्हणाली. "मिळणार नाहीच. निदान कुणीतरी घेतलं, एवढं तरी होईल."

श्रीरंग जरासा थांबला, मग म्हणाला, "घालतो की."

माणसांच्या बोलण्याआधीचे असले थांबे कापण्यातच तिचा दिवस जायचा. हा तिला स्पष्ट ऐकू आला.

त्यानं टाइप केलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. यादीच्या अगदी तळाशी, 'चमत्कार झालाच तर' या मथळ्याखाली तिचं नाव होतं.

"आता दृष्ट लागली तर मला बोलू नकोस हं," तो हसत म्हणाला.

"इतक्या तळाला नाही लागायची," हेमांगी म्हणाली आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.