न बुजवलेला खड्डा

चुडाव्याच्या ईश्वरअप्पांना लकवा मारला, तेव्हा धाकट्या भावाला, सोमेश्वरला लयच घाई झाली. "दादा काय आता उठत न्हाई," म्हणत त्यानं त्यांना लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती द्यायला शेतात खड्डाच खणून ठेवला. अप्पा मात्र जगले. बोलता येऊ लागताच त्यांनी घरात बजावलं, "तो खड्डा कुणी बुजवायचा न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "एकदम मोठं काही ठरवू नका. आधी उंबरा, मग अंगण."

उंबरा झाला, अंगण झालं. आज काठी टेकत, सोमेश्वरच्या खांद्याला धरून अप्पा शेतात पोचले. खड्ड्याच्या काठावर थांबून त्यांनी दम खाल्ला.



"सोम्या, उतर आत. बसून दाखव, तुला पुरतो का ते बघू."